दुसरं झिंकेट

ड्रॉइंगवर एवढंच लिहिलेलं असतं:
उणे पंचावन्न ते अधिक सव्वाशे.
खाली निकेलची जाडी, पंचवीस मायक्रॉन,
आणि भागाचा नंबर. नाव नाही.
कुठे जाणार ते कुणी सांगत नाही,
आणि डाळमिलमागच्या या पत्र्याच्या शेडमध्ये
विचारून तरी करणार काय.
बाहेर मे महिन्याचे सेहेचाळीस,
टाकीत अठ्ठ्याऐंशी.
उणे म्हणजे काय, ते आम्ही
अजिंठा चौफुलीच्या रसवंतीतल्या
भुश्यात गुंडाळलेल्या लादीवरून ताडतो.

अ‍ॅल्युमिनिअम लाजाळू आहे, असं मी आधी म्हणायचे.
रुबाबभाऊ तडवी म्हणाले, लाजाळू कसलं, संशयी आहे.
हवा लागली रे लागली
की आतून दार लावून घेतं.
डोळ्यांना न दिसणारं दार.
त्याच्यावर निकेल चढवा,
चढू देतं, चमकतंसुद्धा,
आणि पहिल्या कडाक्यात
अंगावरून सोडून देतं.

म्हणून आधी कॉस्टिक. भाग काळा पडतो
तव्याच्या बुडासारखा.
मग नायट्रिक, काळं निघतं.
मग झिंकेट, मिनिटभर,
राखी रंगाची पातळ साय.
आणि इतकी नीट बसलेली ही साय
पुन्हा नायट्रिकमध्ये बुडवून
काढून टाकायची.
नवीन होते तेव्हा जीव हळहळला.
विचारलं, चुकलं का माझं काही?
'नाही. पहिलं जागा करायला येतं,'
हातमोजे झटकत रुबाबभाऊ म्हणाले,
'धरतं ते दुसरं.'

मधे पाणी. प्रत्येक टाकीनंतर पाणी.
आणि पाण्यातून पुढच्या टाकीपर्यंत
रॅक सुकू द्यायचा नाही.
खोकला आला तरी तो नंतर.

त्या गुरुवारी पोरीच्या शाळेतून फोन आला.
ताप आहे, घेऊन जा, एवढंच.
रॅक हॉइस्टला लोंबकळत राहिला,
अकरा सेकंद असतील,
पंधरा असतील.
मग बुडवला. सोळाच्या सोळा नग
इतर सगळ्यांसारखेच उजळ निघाले.

वंदना झोपेनं भट्टीत घातले, तासभर दोनशेवर,
आणि तसेच गार पाण्यात टाकले.
चर्र झालं.
मोहरीएवढे फोड.
कुठे एक, कुठे ओळीनं.

देसले शेठ म्हणाले, 'टँकरनं पानीच खराब शे.'
पाण्याची बाटली नाशिकला तपासायला गेली.
टँकरवाल्या सुपडूचे पैसे अडवले.
मी शुक्रवारी गप्प होते.
शनिवारी गप्प होते.
सोमवारी सुपडू गेटवर ऊन चुकवत उभा दिसला,
टँकरच्याच सावलीत,
तेव्हा आत जाऊन सांगितलं.

शेठ बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले.
मग म्हणाले, 'पोर कशी शे?'
एवढंच. पगारातून काही कापलं नाही,
पण त्या दिवसापासून टाक्यांच्या भिंतीवर
एक घड्याळ आहे, मोठ्या सेकंदकाट्याचं,
आणि ते कुणासाठी लावलंय
हे सगळ्यांना माहीत आहे.

निकेल उतरवून अकरा नग वाचले.
पहिल्यापासून पुन्हा सगळं:
काळं, उजळ, राखी, पुन्हा उघडं, पुन्हा राखी.
पाच नगांचं माप गेलं, भंगारात टाकले.
त्यातला एक मी मागून घेतला.

आता तो घरी वह्यांवर वजन म्हणून असतो.
त्याला ना उणे पंचावन्न, ना सव्वाशे.
जानेवारीत फार तर पहाटेचे आठ.
काल पोरगी गणितं सोडून
त्याच्या फोडाशी चाळा करत बसली होती.
'मम्मी, याच्या आत काय आहे?'
मी काही म्हणायच्या आत
तिनं नखानं कड उचलली.
टिकलीएवढं निकेल निघून आलं.
खालचं पांढरं तेवढ्यापुरतं उघडं पडलं असेल.
मग त्यानं दार लावून घेतलं असेल.
आम्हा दोघींना
काहीच दिसलं नाही.